रेंज नसलेल्या रानात "किती चाललो" हे ओळखायचं कसं?

संत्राबागवाला · शुक्रवार, रात्री ९:१०

राम राम मंडळी.

डिसेंबरात गावातल्या पोरांना घेऊन साळबर्डीच्या वरच्या टेकड्यांत एक दिवस पायी फिरायचा बेत आहे. पंधरा जण. त्यात तीन पोट्टे सहावी-सातवीतले आणि एक काका, वय बासष्ट, "मी येतोच" म्हणून अडून बसलेले. एका बाजूनं चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर दोरा ठेवून मोजलं तर वाट ९ किमीच्या आसपास भरते, चढ ३५० मीटर. वन विभागाकडे अर्ज दिला आहे, सोबत माणूस देऊ म्हणाले. तरी पंधरा जणांची जबाबदारी माझ्यावर, त्यामुळे वाट मला स्वतःला कळायला पाहिजे.

पहिला नाला ओलांडला की रेंज संपते. नाल्यापासून नकाशावर १.४ किमीवर वाट फुटते. डावी गावाकडे उतरते, उजवी भलत्याच दरीत घुसते. पाटी नाही, झेंडा नाही. आता १.४ किमी झाले हे चालता चालता ओळखायचं कसं? आणि अख्ख्या वाटेला वेळ किती धरायचा? इथं एक जण दोन तास म्हणतो, दुसरा पाच.

काळीमाती · शुक्रवार, रात्री ९:२२

भाऊ, आपल्याकडचं माप सोपं हाय. "हे काय, इथंच हाय" म्हनजे ३ किमी. "जरासंक पुढं" म्हनजे ५. अन् "आता आलंच समजा" म्हनलं का खाली बसा, डबा उघडा.

पऱ्हाटीतला_पोट्टा · शुक्रवार, रात्री ९:२५

एवढा कुटाणा कायले? मोबाईलमधे पावलं मोजते न ॲप. पाहा अन् चाला.

टोपोशीट · शुक्रवार, रात्री १०:०४

@पऱ्हाटीतला_पोट्टा, जीपीएस वेगळं आणि पावलं मोजणारं ॲप वेगळं. जीपीएसला रेंज लागत नाही, ते उपग्रहावर चालतं. नकाशा घरून उतरवून ठेवला असेल तर फ्लाइट मोडवरसुद्धा तुमचं ठिकाण दाखवतं. ते जरूर न्या. पावलांचं ॲप मात्र नुसते झटके मोजतं आणि ठरलेल्या लांबीनं गुणतं. चढावर पाऊल आखूड पडतं हे त्याला कुठून कळणार? खराब रस्त्यावर एसटीत बसलो तरी माझं ॲप मला शाबासकी देतं.

धागाकर्त्याचे प्रश्न दोन आहेत, त्यांची उत्तरंही दोन. आधी वेळेचं घेऊ.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो अजून जगभर चालतो. मेट्रिकमध्ये तो असा वापरतात: ५ किमीला एक तास, आणि चढाच्या दर १०० मीटर उंचीला वर १० मिनिटं. तुमचे ९ किमी म्हणजे १ तास ४८ मिनिटं, ३५० मीटर चढाची ३५ मिनिटं. झाले २ तास २३ मिनिटं. दोन तासवाला तुमचा माणूस हाच हिशेब करत असणार. पण हा हिशेब धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. त्यात पाणी पिणं नाही, काटा काढणं नाही, फोटो नाही, काकांचा गुडघा नाही. पंधरा जणांच्या गटाला दीडपट करा आणि जेवणाचा पाऊण तास वेगळा ठेवा. म्हणजे पाचवालाही फार चुकला नाही.

उतार फुकट समजू नका. मंद उतारावर वेळ वाचतो, पण १२ अंशांपेक्षा उभा उतार असेल तर उतरायच्या दर ३०० मीटरला उलट १० मिनिटं जास्त धरतात.

पांदणवाला · शुक्रवार, रात्री १०:३१

टोपोशीट सर, एक राहिलं. चढावर अंतरच वाढते न? नकाशा सपाट, आपण तिरपं चालतो. ९ चे ११ होत असतील.

टोपोशीट · शुक्रवार, रात्री १०:४०

नाही होत. ३ किमीत ३५० मीटर चढलात तर तिरपं अंतर किती? पायथागोरस लावा: ३.०२ किमी. फरक २० मीटरचा. पाय दुखतात ते उंचीनं, अंतरानं नाही.

अंतर वाढतं ते दुसऱ्याच कारणानं. त्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किमी. वाटेची बारीक वळणं, कोसळलेल्या झाडाला घातलेला वळसा, नाल्यात उतरायला शोधलेली सोपी जागा, हे काही तिथं उमटत नाही. दोरा कितीही सांभाळून ठेवला तरी पायाखालचं अंतर जास्तच निघतं. रानवाटेला मी दहाला एक तरी वाढवून धरतो. तुमचा १.४ चा फाटा दीडला आला तर घाबरू नका.

सिपनाकाठची · शनिवार, सकाळी ६:४८

मी धारणी तालुक्यात आरोग्य खात्यात आहे, पाड्यांवर पायीच फिरणं होतं. वरचे सगळे हिशेब पुरुषांच्या चालीचे वाटले. माझं पाऊल आखूड, सोबत औषधाची पिशवी, पावसाळ्यात छत्री. तासाला ५ किमी मला सपाट सडकेवरही जड जातात. गटाचा वेग काढायचा तर सगळ्यात मागच्याचा काढा, पुढं पळणाऱ्या पोरांचा नको.

काळीमाती भाऊंची चेष्टा बरोबर आहे, पण आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. "किती दूर?" विचारलं की समोरचा धीर देण्यासाठी कमी सांगतो. मी विचारते, "रस्त्यात काय काय लागते?" मग कोरकू बाई एक एक बोट मिटत सांगते. मोहाचं जुनं झाड, मग खोल नाला, मग रेती, मग दुसरा नाला, त्याला पाणी असतं, मग चढ, मग कोंबड्याचा आवाज येईल. हे सगळं त्याच क्रमानं लागतं. किती चाललो हे मला कळो न कळो, किती बोटं राहिली हे नक्की कळतं.

दुसरा प्रश्न: "तुम्ही सकाळी तिकडून कधी निघता आणि इथं कधी पोचता?" त्यांनी दोन तास सांगितले तर मी तीन धरते. डोक्यावर ओझं घेऊनही त्या बायका माझ्या पुढंच असतात.

वनरक्षक_भरती_वाला · शनिवार, सकाळी ७:१५

ताईंना +१. वन खात्याचा माणूस सोबत असला तर त्याच्या पावलावर पाऊल टाकायला जाऊ नका. भरतीत पुरुषांना ४ तासात २५ किमी चालायची चाचणी असते, म्हणजे तासाला सव्वासहा किमी. मुलींना त्याच ४ तासात १६. तो "अर्ध्या तासात पोचू" म्हणाला तर ते त्याच्या पायांचं बोलणं समजा.

शेगाव_पायी · शनिवार, सकाळी ७:५२

गण गण गणात बोते 🙏

स्वतःचा वेग काढायला डांबरी सडकेसारखी शाळा नाही. शेगावला पायी जाताना आम्ही दगडांवर घड्याळ लावतो. किलोमीटरच्या दोन दगडांच्या मधे २, ४, ६, ८ आकड्यांचे छोटे दगड असतात, दर २०० मीटरला एक. पाच टप्प्यांत एक किमी. पहाटे आमची दिंडी किलोमीटर बारा मिनिटांत मारते, दुपारी त्याच पायांना अठरा लागतात. सकाळच्या वेगावर दिवसभराचा हिशेब मांडला की रात्रीचा मुक्काम हुकलाच समजा.

काळीमाती · शनिवार, सकाळी ८:०३

अन् चहाची टपरी लागली का तोच किलोमीटर चाळीस मिनिटाचा 😄

टोपोशीट · शनिवार, सकाळी ११:२०

आता दुसरा प्रश्न, १.४ किमीचा. घड्याळानं एवढं बारीक अंतर नीट जमत नाही, त्याला पावलंच मोजावी लागतात. रीत जुनी आणि सोपी आहे.

१०० मीटर नीट मोजून घ्या. नेहमीच्या चालीनं चाला आणि फक्त डावा पाय पडला की एक मोजा. मोठ्या माणसाचे सपाटीला साधारण ६० ते ७० भरतात. दोनदा-तीनदा करून सरासरी घ्या. मग हाच खेळ चढावर करा, आकडा सरळ ८०च्या पुढं जातो. उभ्या उतारावरही पाऊल आखूड पडतं, लोक ते विसरतात. पाठीवर पिशवी, गुडघाभर गवत, अंधार, प्रत्येकाला आकडा वेगळा.

रानात असे १०० मीटर भरले की एका खिशातला चिंचोका दुसऱ्या खिशात. दहा चिंचोके म्हणजे एक किमी. आकडा डोक्यात ठेवायचाच नाही, डोकं फक्त आपल्या सरासरीपर्यंत, समजा ६६ पर्यंत, मोजणार. तुमचा फाटा म्हणजे चौदावा चिंचोका.

पऱ्हाटीतला_पोट्टा · शनिवार, सकाळी ११:३१

१०० मीटर मोजाले टेप कोनाकडं हाय वावरात?

संत्राबागवाला · शनिवार, दुपारी १२:०५

अरे बाबा, माझ्या नावातच आहे की उत्तर! आमची बाग ६ बाय ६ मीटरवर लावलेली. धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेनं १७ झाडं चाललो की झालं.

शंकूसाखळी · शनिवार, दुपारी १२:४४

१७ झाडं नव्हे भाऊ, १७ गाळे, म्हणजे दोन झाडांमधली अंतरं. त्याला झाडं १८ लागतात. पहिल्या झाडाशी उभे राहिलात तेव्हा मोजणी शून्य असते. मोजणी खात्यात जन्म गेला, ही चूक मी नव्या पोरांची रोज पाहिली. सतरा गाळे म्हणजे १०२ मीटर, चालेल. जुन्या बागा मात्र १८ बाय १८ फुटांच्याही आहेत. तिथं गाळा साडेपाच मीटरचा, म्हणजे १८ गाळे धरा.

ज्यांच्याकडे बाग नाही त्यांच्यासाठी: आमची मोजणीची साखळी ३३ फुटांची असायची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठे म्हणजे एकर, हे इथं सगळ्यांना पाठ असेल. अशा दहा साखळ्या म्हणजे ३३० फूट, १०० मीटरला जेमतेम अर्धा मीटर जास्त. ज्याची एकराची पट्टी ३३० बाय १३२ फुटांची आहे त्याच्या धुऱ्यावर १०० मीटर आयतेच पडले आहेत. धुरा मात्र कोणी नांगरून खाल्लेला नसावा.

पांदणवाला · शनिवार, दुपारी १२:५१

शेवटच्या वाक्यावर वेगळा धागा काढा काका, पाचशे प्रतिसाद पडतील 😂

वावरवाली · शनिवार, दुपारी १:१०

पाचशे कायचे, माह्या चुलतसासऱ्याचेच दोनशे राहतीन.

हिंगणघाटकर · शनिवार, दुपारी २:३०

साखळीचा विषय निघाला म्हणून जरा आडवाट. हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासकडून सुरू करणारा विल्यम लॅम्बटन, त्याची कबर आमच्या हिंगणघाटात आहे. मोजत मोजत उत्तरेला निघालेला माणूस, १८२३ च्या जानेवारीत इथं वारला. पुढं ते काम जॉर्ज एव्हरेस्टनं हाती घेतलं, ज्याचं नाव नंतर शिखराला दिलं. लॅम्बटनचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचा होता. मोजणीची पायारेषा, म्हणजे जिच्यावरून पुढचे त्रिकोण काढायचे ती रेषा, पोलादी साखळीनं मोजायचे, आणि उन्हानं साखळी वाढते म्हणून तीही सावलीत ठेवायची. आमच्या गावात किती जणांना हे माहीत आहे, ते विचारू नका.

टोपोशीट · शनिवार, दुपारी ३:०२

आडवाट कसली, आपल्या चिंचोक्यांचे पूर्वज त्याच खात्यातले. तिबेटात गोऱ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून सर्व्हे खात्यानं कुमाऊँकडच्या माणसांना डेहराडूनला शिकवून यात्रेकरूंच्या वेशात पाठवलं. त्यातला नैनसिंह रावत जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचला. माणसाचं पाऊल ठरावीक लांबीचंच पडावं म्हणून आधी घोटून सराव करून घेतलेला. हातात जपमाळ, पण मणी १०८ ऐवजी १००. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की १०,००० पावलं, म्हणजे ५ मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. चढ-उतारावर, बर्फात, लोकांच्या नजरा चुकवत शेकडो मैल असं मोजलं आणि त्यावर नकाशे निघाले.

काळीमाती · शनिवार, दुपारी ३:११

दहा हजार पावलं! म्हनजे आमच्या डॉक्टरनं सांगतलेलं रोजचं औषध त्या मानसानं ल्हासापर्यंत घेतलं.

मूळचा_यवतमाळचा · शनिवार, सायंकाळी ५:४०

सध्या पुण्यात. सह्याद्रीत भरपूर भटकतो, त्यामुळे एक फरक सांगावासा वाटतो. सह्याद्रीत चढ उभा असतो पण डोळ्यांसमोर किल्ला दिसत असतो, चुकलात तरी दिशा राहते. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला सागाचं रान, एकसारख्या टेकड्या, एकसारखे नाले. दहा मिनिटांपूर्वी हेच झाड पाहिलं होतं का, अशी शंका येते. तिथं मोजणीला पर्याय नाही. सह्याद्रीवाले "पावलं कशाला मोजायची" म्हणून हसतात, त्यांना एकदा पानगळीआधी मेळघाटाच्या बफरमध्ये (व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या पट्ट्यात) उभं करायला पाहिजे (परवानगी काढून!).

वॉल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञानं १९९३ साली चालण्याच्या वेगाचं एक सूत्र मांडलं, तेही पाहा. त्यात सगळ्यात जास्त वेग, तासाला ६ किमी, सपाटीवर येत नाही, ५ टक्के उतारावर (१०० मीटरला ५ मीटर) येतो. सपाटीला ५. १० टक्के चढाला साडेतीन. आणि गंमत म्हणजे २० टक्के उताराला पण साडेतीनच. वाट सोडून रानातून चाललात तर आलेल्या आकड्याच्या ६० टक्केच धरायचे.

पऱ्हाटीतला_पोट्टा · शनिवार, सायंकाळी ५:५५

वाट सोडून पऱ्हाटीतून (कापसाच्या वावरातून) चाल्लो अन् पाणी पडून गेलं असंन त साठ कायले, तीस धरा. काळ्या मातीचे गोळे जोड्याले असे चिकटते का एका जोड्याचं वजन किलोभर. दर वीस पावलाले काडी घेऊन खरवडत बसा.

पन पऱ्हाटीत मोजनं सोपं हाय हे मी मान्य करतो. तासं, म्हनजे पिकाच्या ओळी, मोजाचे. आमच्याकडं तासातलं अंतर चार फूट, पंचवीस तासं आडवे ओलांडले का शंभर फूट.

सिपनाकाठची · शनिवार, रात्री ८:१४

पोट्ट्या, काल म्हणत होतास कुटाणा कायले 🙂

गुरुजी_विज्ञान · शनिवार, रात्री ९:०५

अंतराबरोबर उरलेला उजेडही मोजा. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटं आडवी धरायची. चार बोटं मावली की एक तास उजेड. आमच्या शिबिरात हेच शिकवतात.

टोपोशीट · शनिवार, रात्री ९:३८

गुरुजी, इथं मी अडतो. लांब केलेल्या हाताची चार बोटं साधारण ८ अंश भरतात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, आणि हिवाळ्यात आपल्याकडे तो तिरपा उतरतो म्हणून उंची तासाला १३ अंशांच्या आतबाहेर कमी होते. म्हणजे चार बोटं जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटं. पूर्ण मूठ १० अंशांची, तिचा पाऊण तास. तास धरून बसलात तर वीस मिनिटं अंधारात चालाल, आणि तीही उतारावर. सूर्याकडे थेट पाहायचं नाही हे मुलांना आधी सांगा.

गुरुजी_विज्ञान · शनिवार, रात्री १०:२२

आत्ता भिंतीवर कोनमापक लावून माझी बोटं मोजली. साडेसात अंश. शिबिराच्या टिपणात बदल करतो. टेकडीच्या मागं सूर्य आधीच जातो, तेही त्यात लिहावं लागेल.

पांदणवाला · रविवार, सकाळी ७:३०

धागा सूर्यापर्यंत पोचला, फाटा तिथंच राहिला. संत्राबागवाले कुठं आहेत?

वावरवाली · रविवार, सकाळी ७:४४

धुऱ्यावर चालून रायले असतीन. मागून कुत्रं.

शंकूसाखळी · रविवार, सकाळी ८:१०

ते येईपर्यंत फाट्याबद्दल माझे दोन शब्द. मोजणीत चूक राहणारच. शंभराला पाच धरा. १.४ किमीवर ती ७० मीटर होते, म्हणून फाटा चौदाव्या चिंचोक्यालाच दिसेल असा हट्ट नको. तेराव्यापासून डावीकडे नजर ठेवा. रानातली जुनी वाट फुटते तिथं पालापाचोळा साचलेला असतो, मान खाली घालून आकडे मोजणारा माणूस नेमका तिथूनच सरळ निघून जातो. मोजणारा एक आणि पाहणारा दुसरा असे दोन माणसं ठेवा. सोळा झाले तरी फाटा नाही, तर पुढं जायचं नाही. मागं फिरून शोधायचं, न सापडल्यास थेट नाल्यापर्यंत यायचं. नाला ही ओळखीची जागा, तिथून मोजणी पुन्हा शून्यापासून.

ओळखीची जागा लागली की दर वेळी खिसे रिकामे करा. सकाळपासूनची चूक संध्याकाळपर्यंत साठवत नेऊ नका.

वनरक्षक_भरती_वाला · रविवार, सकाळी ८:४५

शंकूसाखळी काकांच्या पुढं थोडं. उतरताना गाव नाल्याच्या काठी आहे न? मग गावावरच नेम धरून उतरू नका. नेम धरला, नाल्यावर पोचलात आणि गाव दिसलं नाही, तर डावीकडे वळायचं का उजवीकडे? काहीच कळत नाही. मुद्दाम गावाच्या वरच्या अंगाला नाला गाठा. मग पाणी वाहतं तिकडं वळलं की गाव येणारच. गस्तीत जुने लोक हेच करतात.

आणि साळबर्डी म्हणजे हद्दीवरचं ठिकाण, पलीकडं मध्यप्रदेश. तुमची वाट कोणाच्या जंगलात उतरते ते नकाशात पाहून तिकडचीही परवानगी लागते का विचारून घ्या. एकच अर्ज देऊन निघू नका.

संत्राबागवाला · रविवार, सायंकाळी ६:२०

आलो, आलो. सकाळभर बागेत आणि मागच्या टेकडीवर माणसं चालवत होतो. घरच्यांना वाटलं बाग विकायला काढली, एक शेजारी भाव विचारून गेला.

सतरा गाळ्यांवर डाव्या पायाचे आकडे: मी ६६, काका ७४, सातवीतला पोरगा ७८. टेकडीच्या चढावर (साखळी नाही, दोरी मोजून नेली) माझे ८४ आणि काकांचे ९७. पोरगा चढावर पळत गेला, त्याचा आकडा बाद. काकांची एक गोष्ट मात्र मानली. माझे आकडे दर वेळी दोन-तीननं हलत होते, त्यांचे तिन्ही वेळा जवळपास तेच. चालत चालत बोलतही होते! विचारलं तर म्हणे, तरुणपणी तिफणीमागं चालून पाऊल बसलं आहे. तर मोजणारे काका. डाव्या बाजूला पाहणारा मी.

नाल्यापासून फाट्यापर्यंत नकाशात समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या रेषा) मोजल्या, दर २० मीटर उंचीला एक अशा चार लागतात. म्हणजे सौम्य चढ आहे, पूर्ण ९७ नाही लागणार. काकांचे ८५ धरून चौदा चिंचोके, तेराव्यापासून शोध, सोळाला मागं.

वेळ: नेस्मिथचे २ तास २३ मिनिटं, वाटेची वळणं दहाला एक धरून २ तास ३५ च्या आसपास, गटासाठी दीडपट म्हणजे चारला थोडं कमी, अधिक जेवण पाऊण तास. पावणेपाच तास झाले. सकाळी साडेसातला नाल्यावरून निघालो तर सव्वाबाराला खाली. सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. पाच तास हाताशी राहतात, फाटा चुकला तरी परत येण्याइतके. दुसऱ्या परवानगीचं उद्या विचारतो, ते डोक्यातच नव्हतं.

टोपोशीट · रविवार, सायंकाळी ६:४१

हिशेब पक्का. एवढंच करा, नाला ओलांडताना वेळ कागदावर लिहा. ८५ च्या आकड्यानं चौदा चिंचोके व्हायला अर्धा तास लागेल असं दिसतं. पाऊण तास झाला आणि चिंचोके दहाच असतील, तर काका मोजायचं विसरलेत किंवा गट रेंगाळतोय. दोन मापं एकमेकांवर नजर ठेवतात.

सिपनाकाठची · रविवार, रात्री ८:०२

आणि गावात उतरल्यावर कोणाला तरी आधीच सांगून ठेवा, आम्ही दुपारी येतोय म्हणून. नाही आलात तर कोणी विचारेल तरी.

पांदणवाला · रविवार, रात्री ८:३०

खाली रोडगे लावायचा बेत असेल तर मी येतो. सव्वाबाराला पोचणार तर गोवऱ्या अकरालाच पेटवाव्या लागतील, तो हिशेब कोण करून रायलं?

काळीमाती · रविवार, रात्री ८:३६

वांग्याची भाजी माह्याकडं. चिंचोके पन मीच आनतो, घरी पोतंभर हाय.

शंकूसाखळी · रविवार, रात्री ९:०१

आणा, पण भाजलेले आणू नका. पोट्टे वाटेतच खाऊन टाकतील, मग काका किलोमीटरचा हिशेब कोणाला मागणार?